टोटल लॉसमध्ये (गाडी पूर्ण गेली असं धरून) सॅल्व्हेजचे, म्हणजे तुटलेल्या गाडीच्या अवशेषांचे, १,७५,००० कापून २,८०,००० देतायत. सही करावी का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाडीच्या विम्याच्या क्लेमवर कंपनीला परवापर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून थेट आकडेच देतो.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, नोंदणी फेब्रुवारी २०२२, सातारा. चालू पॉलिसी मार्च २०२५ पासूनची, आयडीव्ही (विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत) ४,५६,०००. झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापण्याचं ऍड-ऑन) घेतलेलं आहे, रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलाची पूर्ण किंमत देणारं ऍड-ऑन) नाही. अपघात सप्टेंबरमधला, समोरून धडक. दोन्ही एअरबॅग उघडल्या, रेडिएटर आणि पुढचा सगळा भाग आत गेला. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट करांसह ४,३१,०००: पत्र्याचे व इतर धातूचे पार्ट १,५८,०००, प्लास्टिक-रबर-एअरबॅग १,१६,०००, काच २४,०००, मजुरी ८८,०००, रंगकाम ४५,०००.

सर्व्हेअरने (नुकसान मोजणाऱ्याने) घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, वजा करून ३,२७,८७५ काढले. कंपनीने तीन पर्याय फोनवर सांगितले, कागद एकाचाही नाही:

१) दुरुस्ती करा, आम्ही साधारण ३,२७,००० देऊ, बाकीचे तुमचे.
२) कॅश लॉस (दुरुस्तीऐवजी रोख रक्कम) घ्या, २,४५,०००, गाडी तुमच्याकडे राहील.
३) टोटल लॉस, पण नेट ऑफ सॅल्व्हेज: ४,५६,००० वजा सॅल्व्हेज १,७५,००० वजा सक्तीची कपात १,००० = २,८०,०००. यात आरसी रद्द करून द्यायची.

वर हेही म्हणाले, की गाडीची आजची बाजारातली किंमत ४,०५,०००च आहे, आयडीव्ही धरतोय तेच खूप समजा. साताऱ्यातले भंगारवाले गाडीचे ९५,०००च्या वर द्यायला तयार नाहीत. बँकेचं कर्ज १,६२,००० बाकी. वर्कशॉप दिवसाला ५०० पार्किंग लावणार म्हणतंय. संमतिपत्रावर सही मागतायत. करावी का?

---

हिशेबनीस

सही करू नका. कारणं पुढे देतो. आधी बाजारभावाचा मुद्दा निकालात काढू, कारण तो निव्वळ दबावासाठी आहे.

आयडीव्ही पॉलिसी सुरू होताना एकदा ठरतो, आणि टोटल लॉससाठी ती पॉलिसी संपेपर्यंत तोच बाजारभाव मानायचा असतो. मधल्या महिन्यांचा आणखी घसारा लावायचा नसतो. मोटर टॅरिफमधलं कोष्टक असं: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढे दोघांनी मिळून ठरवायचा. तुमची गाडी मार्चमध्ये तीन वर्षांच्या जरा पुढे गेलेली, म्हणजे ४० टक्के. शोरूमची किंमत ७,६०,००० धरली की ६० टक्के बरोबर ४,५६,००० येतात. म्हणजे आयडीव्ही नियमात बसतो आणि प्रीमियमही त्यावरच घेतलाय. एकदा स्वीकारलेली किंमत क्लेमच्या वेळी कंपनीने नाकारायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२००८) मध्ये स्पष्ट केलं आहे. हा दाखला पत्रात घाला, ४,०५,०००चा विषय तिथेच संपतो.

खरी कात्री सॅल्व्हेजच्या आकड्यातून लागते. पॉलिसीच्या अटीतच आहे की टोटल लॉसमध्ये आयडीव्हीतून अवशेषांची किंमत वजा होते. त्यामुळे आयडीव्हीला हात न लावताही हवी तेवढी रक्कम कमी करता येते, फक्त सॅल्व्हेजचा आकडा फुगवायचा. तुमच्या बाबतीत ९५,००० आणि १,७५,००० यांत ८०,०००चा फरक आहे. हे ८०,००० थेट तुमच्या खिशातून जातात.

यावर एकच मागणी करा आणि लेखी करा: "तुमच्याकडे १,७५,०००चा खरेदीदार आहे ना, मग गाडी तुम्ही त्याला द्या आणि मला आयडीव्ही वजा १,००० असे ४,५५,००० द्या. किंवा त्या खरेदीदाराने आधी माझ्या खात्यात १,७५,००० भरावेत, मग मी २,८०,०००ची सही करतो." दोन्हीत तुमच्या हाती एकूण ४,५५,००० येतात. बोली खरी असेल तर कंपनीला एक रुपयाही जास्त जात नाही, म्हणून नाही म्हणायला कारण उरत नाही. नाही म्हणाले, तर ती बोली खरी नाही हे त्यांनीच कागदावर कबूल केल्यासारखं होतं.

रस्ता कर आणि नोंदणीचे पैसे मात्र मागत बसू नका. ते रिटर्न टू इन्व्हॉइस असेल तरच मिळतात. न मिळणाऱ्या गोष्टी पत्रात आल्या की मिळणाऱ्या मागण्याही हलक्या होतात.

---

चासीलेग

हिशेबनीस यांचं सगळं पटलं, पण त्याआधीची एक मोठी चूक राहून जातेय. सर्व्हेअरचा ३,२७,८७५ हा आकडा मोडून बघा:

धातूचे पार्ट १,५८,०००, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के घसारा = ३९,५००
प्लास्टिक, रबर, एअरबॅग १,१६,०००, ५० टक्के = ५८,०००
काच, घसारा नाही
मजुरी, घसारा नाही
रंगकाम ४५,०००; त्यातला २५ टक्के भाग रंगसामान धरायचा = ११,२५०, त्यावर ५० टक्के = ५,६२५

एकूण घसारा १,०३,१२५. ४,३१,००० मधून वजा करा, ३,२७,८७५. पैशापर्यंत जुळलं. म्हणजे सर्व्हेअरने झिरो डेप नाहीच असं धरून हिशेब केलाय, आणि तुम्ही म्हणताय ते घेतलेलं आहे.

हे महत्त्वाचं का, तर आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या रेषेमुळे. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. ४,५६,०००चे ७५ टक्के ३,४२,०००. घसारा कापून ३,२७,८७५, म्हणजे रेषेच्या १४,१२५ खाली. म्हणूनच ते दुरुस्ती, कॅश लॉस, टोटल लॉस असे तीन पर्याय पुढे करतायत, जणू टोटल लॉस ही तुमच्यावर मेहेरबानी आहे. झिरो डेप धरून मोजलं तर खर्च ४,३१,०००च्या आसपास राहतो, म्हणजे आयडीव्हीच्या ९४ टक्क्यांच्या वर. ही गाडी सरळ टोटल लॉस आहे.

कंपनी म्हणेल, "झिरो डेप टोटल लॉसला लागू नाही." ते अर्धंच खरं आहे. टोटल लॉसची *रक्कम* देताना ते लागत नाही, कारण तिथे आयडीव्ही मिळतो. पण टोटल लॉस आहे की नाही हे ठरवताना दुरुस्तीची जबाबदारी पॉलिसीच्या अटींनी मोजायची आहे, आणि झिरो डेप हा त्या अटींचाच भाग आहे. आधी पॉलिसी शेड्यूलवर ऍड-ऑनचं नाव आणि घेतलेला प्रीमियम दिसतो का ते पाहा. मग पॉलिसी वर्डिंगमध्ये त्या ऍड-ऑनची अट वाचा: वर्षाला किती क्लेम चालतात, गाडीच्या वयाची मर्यादा किती. कंपनीगणिक शब्द वेगळे असतात, म्हणून तुमच्याच पॉलिसीतली ओळ पत्रात उतरवा.

दुसरं. हे एस्टिमेट गाडी न उघडता केलेलं दिसतं. समोरून एवढी धडक आणि रेडिएटर आत, म्हणजे चासीचे दोन्ही पुढचे लेग (सांगाड्याचे पुढे आलेले दांडे), इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचं केसिंग, स्टिअरिंग रॅक, पुढचं वायरिंग हार्नेस हे सगळं तपासायला हवं. एअरबॅग उघडल्या की त्यांचं कंट्रोल युनिट आणि सीट बेल्टचे प्रीटेन्शनरही बदलावे लागतात. बाहेरून केलेल्या एस्टिमेटमध्ये हे हमखास राहतं. वर्कशॉपला सांगा, पुढचा भाग सोडवून सर्व्हेअरच्या समोर पुरवणी एस्टिमेट करा. ते ४०,०००ने वाढलं तर घसारा धरूनही रेषा ओलांडली जाईल. मग झिरो डेपचा वादही उरत नाही. मात्र सर्व्हेअरच्या लेखी परवानगीशिवाय एक बोल्टही सोडवू देऊ नका, नाहीतर "तपासणीआधी पार्ट काढले" हा नवा आक्षेप येतो.

टोइंगची पावती जपून ठेवा. प्रमाणित पॉलिसीत अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, आणि ७५ टक्क्यांच्या मोजणीत गाडी आणण्याचा खर्चही धरायचा असतो.

कॅश लॉसचे २,४५,००० म्हणजे त्या चुकीच्या ३,२७,८७५चेच ७५ टक्के. त्याचा विचारही नको.

---

कोयनाकाठ

शेड्यूल पाहिलं. झिरो डेपचं नाव आणि प्रीमियम दोन्ही आहेत, आणि चालू वर्षातला हा पहिलाच क्लेम. सर्व्हे रिपोर्ट मागितला तर "तो अंतर्गत कागद आहे" म्हणाले. १,७५,०००ची बोली कोणाची, तेही सांगत नाहीत.

---

तक्रारपेटी

सर्व्हे रिपोर्ट अंतर्गत कागद नाही. विमाधारकाने मागितला की प्रत द्यावी लागते. फोन बंद करा, आजपासून सगळं ईमेलवर. पहिल्या ईमेलमध्ये क्लेम नंबर टाकून हे मागा:

"अ) सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि घसाऱ्याचा पार्टनिहाय तक्ता. आ) पॉलिसीत झिरो डेप असताना १,०३,१२५ घसारा कोणत्या अटीने लावला, ती अट. इ) सॅल्व्हेजसाठी आलेल्या सर्व बोल्या, बोलीदाराचं नाव, बोलीची तारीख आणि मुदत, आणि बोली आरसीसह आहे की आरसीशिवाय. ई) ४,५५,०००ला क्लेम मिटवून गाडी आपण ताब्यात घ्यावी, अन्यथा आपल्या बोलीदाराने १,७५,००० आधी भरावेत. उ) या मुद्द्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत मी संमतिपत्रावर सही करणार नाही, त्या काळातील पार्किंगचा खर्च आपल्याकडे राहील."

इ) मधला शेवटचा प्रश्न खास तुमच्यासाठी आहे. ते आरसी रद्द करून मागतायत. मग वजा करायची किंमत आरसीशिवायच्या गाडीची हवी. आरसीसह गाडीला बोली नेहमीच जास्त येते, कारण घेणारा ती दुरुस्त करून रस्त्यावर आणू शकतो. आरसी रद्द झाली की ती फक्त सुट्या पार्टांची आणि लोखंडाची. १,७५,०००ची बोली आरसीसह असेल आणि कंपनी आरसी रद्दही मागत असेल, तर एकाच व्यवहारात दोन्हीकडून कापतायत. तुमच्याकडच्या दोन-तीन भंगार व्यापाऱ्यांकडून लेटरहेडवर, जीएसटी नंबरसह, "आरसीशिवाय" असं लिहून कोटेशन घ्या. तोंडी ९५,०००ला विमा लोकपालापुढे (कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्यापुढे) किंमत नाही.

वेळेचं गणित: विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. म्हणजे मुदती कंपनीला आहेत. "परवापर्यंत सही करा" अशी मुदत तुमच्यावर कोणत्याच नियमाने नाही.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार. दोन आठवड्यांत निकाल अपेक्षित. तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोनवर नोंदवा आणि टोकन नंबर जपा. अनेकदा आकडा इथेच सुधारतो, कारण पोर्टलवरच्या तक्रारीवर नियामकाची नजर असते.

त्यापुढे विमा लोकपाल. साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय. कंपनीकडे तक्रार करून एक महिना उलटलेला हवा किंवा नकार आलेला हवा, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक. ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुम्हाला पटला नाही तर तुमचा पुढचा रस्ता खुला राहतो. मात्र ग्राहक आयोगात आधी गेलात तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम हाच ठेवा.

ग्राहक आयोग शेवटी. जिल्हा आयोगाची हद्द दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि तुमच्या बाबतीत मोबदला म्हणजे प्रीमियम, त्यामुळे तक्रारीला फी लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षं. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा अंतिम शब्द नाही, तो कंपनीलाही बांधत नाही आणि विमाधारकालाही नाही, हे न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून गरज पडली तर परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून स्वतःच्या खर्चाने मूल्यांकन करून घ्या, पण गाडी वर्कशॉपमधून हलण्याआधी.

---

कोयनाकाठ

पैशांची फारच निकड झाली तर २,८०,००० घेऊन नंतर भांडता येईल का?

---

तक्रारपेटी

येतं, पण अवघड होतं. डिस्चार्ज व्हाउचरवर (पैसे मिळाले, आता मागणी नाही, असं लिहून देण्याच्या कागदावर) सही केली म्हणून हक्क आपोआप संपत नाही, हे युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन मिल्स (१९९९) मध्ये ठरलेलं आहे. पण सही फसवून, दबावाने किंवा चुकीची माहिती देऊन घेतली, हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून सहीआधी निषेधाचा ईमेल गेलेला हवा, आणि व्हाउचरवर सहीशेजारी "उर्वरित रकमेचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं हाताने लिहा. कंपनी असा कागद घेणार नाही, नवा फॉर्म पुढे करेल. तो नकारही ईमेलवर घ्या. सही करून सहा महिन्यांनी पहिल्यांदा तक्रार केली, तर दबाव होता हे कोणी मानणार नाही.

त्यापेक्षा लिहा, की वादात नसलेले २,८०,००० आधी द्या आणि सॅल्व्हेजच्या फरकाचा वाद वेगळा चालू द्या. द्यायलाच हवं असं नाही, पण ही मागणी नोंदीवर असली की उशिराच्या व्याजाचा मुद्दा पक्का होतो.

---

फॉर्म_एकोणतीस

रकमेचं वर आलं आहे. गाडी हातातून जातानाचं लिहितो, कारण नुकसान तिथेही होतं.

कर्ज असल्यामुळे पैसे आधी बँकेला जातात. २,८०,००० मिळाले तर १,६२,००० बँकेला आणि हातात १,१८,०००. क्लेम मिटेपर्यंत हप्ते थांबवू नका. गाडी गेली तरी कर्ज चालूच असतं आणि चुकलेला हप्ता सिबिलवर दिसतो. बँकेकडून आजच फोरक्लोजरचं पत्र (कर्ज बंद करायला किती भरावे लागतील ते) घ्या, तारखेसह.

अडचण क्रमाची आहे. बँकेचं कर्ज फिटल्याशिवाय एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) मिळत नाही; ते नसेल तर आरसीवरचा बोजा उतरत नाही; बोजा असेपर्यंत गाडी नावावरून जात नाही आणि आरसीही रद्द होत नाही. यात काही आठवडे जातात, आणि तोवर बोलीदाराची मुदत संपलेली असते. मग तो म्हणतो, आता १,२०,०००च देतो. कंपनीने मात्र १,७५,००० कापून ठेवलेले असतात. म्हणून बोलीदाराची जबाबदारी कंपनीकडेच ठेवा आणि बोलीची मुदत संपली तर फरक कंपनीचा, हे संमतिपत्रात लिहून घ्या. नाही लिहिलं तर १,७५,००० हा फक्त कागदावरचा आकडा आहे.

वर्कशॉपमध्ये आज जाऊन गाडीची यादी करा: बॅटरी, पाच टायर, म्युझिक सिस्टिम, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इसीयू. चासी नंबर आणि इंजिन नंबरसह फोटो काढा आणि यादीवर वर्कशॉपचा शिक्का घ्या. पार्ट गायब झाले की बोलीदार किंमत पाडतो.

दुरुस्ती होणार नाही म्हटल्यावर वर्कशॉप एस्टिमेट फी मागेल. ती किती, आधी लेखी विचारा आणि कंपनीला पाठवा. पार्किंगसाठी कंपनीला लिहा, की गाडी तुमच्या यार्डात हलवा.

गाडी ज्याला जाईल त्याला सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे) कधीही देऊ नका. नाव, पत्ता, तारीख भरलेलीच द्या, त्याच्या आधार-पॅनच्या प्रती घ्या, आणि हस्तांतर ऑनलाइन नोंदलं गेलं की नाही ते स्वतः तपासा. आरटीओच्या नोंदीत जोवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं. शिवाय टोटल लॉस गाडीची आरसी आणि चासी नंबर चोरीच्या तशाच गाडीवर चढवायला वापरतात. तुटलेल्या गाडीला कोणी अवाच्या सवा भाव देत असेल तर त्याला लोखंड हवंय की कागद, हे आधी बघा.

तुमच्याकडे आरसी रद्दच मागितली आहे, ते त्या दृष्टीने चांगलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची. गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, नवी गाडी घेताना करात सवलतीला ते उपयोगी पडतं. पण स्क्रॅप केंद्र वजनावर पैसे देतं, त्यामुळे हा मार्ग कंपनी म्हणेल तर तिथला दरच सॅल्व्हेज म्हणून वजा व्हायला हवा.

फास्टॅग गाडी जाण्याआधी बंद करा. थर्ड पार्टी विम्याच्या प्रीमियमचा परतावा तुम्हाला लागू नाही, तुमची पॉलिसी वर्षाची आहे. ज्यांची नवी गाडी तीन वर्षांच्या थर्ड पार्टी पॉलिसीत असताना टोटल लॉस होते, त्यांनी उरलेल्या वर्षांचे पैसे जरूर मागावेत.

---

कोयनाकाठ

ईमेल अ ते उ मुद्द्यांसह आत्ता पाठवला, झिरो डेपची ओळ वर्डिंगमधून उतरवून. उद्या वर्कशॉपमध्ये यादी आणि पुरवणी एस्टिमेट. दोन भंगार व्यापारी लेटरहेडवर द्यायला तयार झालेत, एक ९५,००० आणि एक ८८,०००, दोन्ही आरसीशिवाय.

---

चासीलेग

पुरवणी एस्टिमेटच्या वेळी लेगची मापं कागदावर घ्यायला सांगा. नुसतं "बेंड" लिहिलं तर सर्व्हेअर "ओढून सरळ होईल" म्हणून मजुरी धरतो, पार्ट धरत नाही. किती मिलिमीटर हललाय ते लिहिलं, की बदलायचा की ओढायचा हे वर्कशॉप मॅन्युअलवर ठरतं.